समुद्रातच विरलेलं वादळ

बंगालच्या उपसागराची काळजी आमच्या शेजारच्या काकांइतकी कुणी केली नसेल. खुद्द किनाऱ्यावरच्या कोळ्यांनीही नाही. राहायला जवाहरनगरजवळ, जन्मात पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे पुरातली वैनगंगा. पण अंदमानाजवळ ढगांचा एखादा पुंजका जमला, की काका मोबाइलवर नकाशा उघडून ओट्यावर बसत. कमी दाबाचा पट्टा झाला की आंघोळ लांबायची, तो गडद झाला की दाढी राहायची, आणि वादळाला नाव मिळालं, की बारशाचं आमंत्रण द्यावं तसे ते आमच्याकडे सांगायला येत. एकदा त्यांच्या शब्दावर मी पवनीच्या शेतातलं कापलेलं धान ताडपत्रीखाली झाकून ठेवलं. पुढं असं कडक ऊन पडलं, की आजूबाजूचे शेतकरी मुद्दाम ताडपत्री बघायला यायचे. "काका, कुठं गेलं तुमचं वादळ?" असं विचारलं, तर म्हणाले, "त्याची तब्येतच नाजूक होती बा."

त्यांची एकुलती मुलगी विशाखापट्टणमला नोकरीला. काकू होत्या तोवर तिला फोन त्याच करायच्या. काका मागून "मीबी विचारलं म्हणा" एवढंच ओरडायचे. काकू गेल्या, आणि बापलेकीला काय बोलावं ते सुचेना. नोकरीभर कारखान्यातल्या यंत्रांच्या आवाजापायी काकांचे कान अधू झालेले, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर, आणि सगळ्या गल्लीला ऐकू यायचं: "जेवली?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो." संपलं. वादळ उठलं, की मात्र काकांकडे बोलायला काहीतरी असायचं. "पाणी भरून ठेव. मेणबत्त्या आणून ठेव. खिडकीपाशी झोपू नको." पोरगी नुसतं "हो बाबा, हो बाबा" करायची, तरी काका दिवसभर खुशीत.

गेल्या दिवाळीनंतर असंच एक अशक्त वादळ उठलं. नाव मिळालं, किनाऱ्याकडे थोडं सरकलं, काकांचे फोन सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी त्यात कोरडी हवा घुसली. ढग एकीकडे, भोवरा एकीकडे. संध्याकाळपर्यंत ते भर समुद्रातच विरून गेलं. मी गेलो तेव्हा काका ओट्यावर रिकाम्या नकाशाकडे पाहत बसले होते.

"गेलं," ते म्हणाले. "कोणाले दिसलंबी नाही."

"बरंच झालं न काका! पोरीले सांगा."

"कायले? आता काय बोलू तिच्याशी?"

मीच नंबर लावून दिला.

"वादळ गेलं बेटा," काका म्हणाले.

"हो बाबा, पाहिलं मी."

परीक्षेत शेजारच्याकडे पाहावं तसे काका माझ्याकडे पाहू लागले. मी तरी काय सुचवणार? शेवटी खाकरून, जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, "तू बरी आहेस ना वं?"

फोन तुटला असं वाटून काका तो हलवून पाहणार, तेवढ्यात मुलीचा आवाज आला, बारीक आणि ओला.

"बाबा, ठेवू नका. दार लावून येते."

काकांनी फोन उचलून कानाशी घट्ट धरला. मी चपला हातात घेऊन ओटा उतरलो. फाटकापाशी मागं वळून पाहिलं. काका डोळे मिटून, जवळजवळ श्वास रोखून, ती परत येण्याची वाट पाहत होते.