फाटकाची शपथ

शाझलियाशी भांडायला गावात कुणी धजत नसे, आणि ती चुकून गोड बोललीच तर समोरच्याला धडकी भरत असे. असली बाई देवळाकडे जायचा बेत करते आहे म्हटल्यावर गावाचे कान टवकारणारच!

देऊळ टेकडीवरचं, रोमन लोकांनी बांधलेलं. परदेशी पाहुणे त्याच्या खांबांचे फोटो काढतात. शाझलियाच्या लेखी ती तिच्या घराची मागची भिंत. जुनं गाव ह्या अवशेषांतच नांदत होतं. भिंतीला टेकून भट्ट्या, खांबांना शेळ्या. मग उत्खननासाठी गाव उठवलं, खाली माळावर सिमेंटच्या खोल्या दिल्या आणि वर तारेचं कुंपण ठोकलं. तिची आई महबूबा उंबऱ्यात ठाण मांडून बसली होती, हलायला तयार नव्हती. शाझलियाच्या धाकट्या भावानं, तिजानीनं, तिला पाठीवर टाकलं आणि अख्ख्या गावादेखत खाली आणलं. त्याच हिवाळ्यात म्हातारी गेली.

तिला वर, देवळामागच्या जुन्या कबरस्तानात पुरलं. बायका दफनाला जात नाहीत. तिसऱ्या दिवशी शाझलिया भाकरी आणि सुके अंजीर घेऊन निघाली, तर फाटकावर कोण? पहारेकऱ्याची नवी टोपी घातलेला तिजानी!

"आईला पाठीवरून उतरवलीस आणि डोक्यावर टोपी चढवलीस," ती सगळ्यांसमोर कडाडली. "अल्लाची शपथ, ह्या फाटकातून माझं पाऊल आत पडायचं नाही."

अंजीर तिथंच फेकून ती परतली. तेव्हापासून भावाशी बोलणं बंद. तो समोरून आला की ही रस्त्यावर थुंकायची आणि वर म्हणायची, धूळ फार झालीय.

आता वर्षं लोटली होती, शाझलियाचे गुडघे गेले होते. मुलगी राफिका रविवारी गाडी घेऊन येणार होती, आईला कायमची स्फाक्स शहरात न्यायला. आणि महबूबाची कबर शाझलियानं अजून डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. आता नाही तर कधीच नाही.

"उम्मी, मामाला एकदा सांग ना," राफिका फोनवर म्हणाली. "तो स्वतः नेईल तुला."

"त्याला सांगू? त्यापेक्षा गाढवाला सलाम करीन. ते निदान कान तरी हलवतं."

"मग जाणार कशी?"

"शेळ्या जातात तशी. बदामांच्या बाजूला कुंपण फाटलंय. शपथ फाटकाची आहे, भोकाची नाही."

हाच बेत तिनं पाववाल्याकडेही ऐकवला. तिच्या पोटात कधी काही राहिलंय?

शनिवारी सकाळी सफसारीची पांढरी चादर अंगाभोवती गुंडाळून, टोपलीत भाकरी आणि अंजीर घेऊन ती बदामांच्या उतारावर पोचली. भोकाच्या जागी नवी कोरी तार! शाझलियाच्या अंगाचा तिळपापड झाला. भावाच्या नावानं बोटं मोडत, लंगडत ती थेट फाटकावर गेली. तिजानी स्टुलावर बसून चहा पीत होता.

"भोक तू बुजवलंस?"

"मी."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. त्या खडकांवरून घसरली असतीस, तर राफिकाला काय तोंड दाखवलं असतं?"

"तुला कसली लाज? आईला मारलंस, बहीण कुठली जड जाते!"

तिजानीनं पेला खाली ठेवला. फाटकाबाहेर आला, तिच्याकडे पाठ केली आणि उकिडवा बसला.

"हे काय नवीन सोंग?"

"बस पाठीवर. शपथ पावलाची आहे ना? पाऊल पडणार नाही."

"ह्याच पाठीवर एक बाई बसली होती. तिची काय गत झाली ते मी पाहिलंय."

"काडीचंही पाहिलं नाहीस तू, लल्ला!" थोरल्या बहिणीला मारायची ती जुनी हाक मारत, न वळता तो ओरडला. "तिनंच सांगितलं मला. म्हणाली, माझ्या पायांनी हा उंबरा ओलांडणार नाही अशी शपथ घेऊन बसलेय, आणि उद्या पोलीस ओढून काढतील. तू उचल मला. पोरानं नेली म्हणू देत लोक. महबूबा घर सोडून गेली, असं कुणी म्हणता कामा नये. कुणाला सांगायचं नाही अशी मलाही शपथ घातली तिनं. घे, आज मोडली!"

शाझलिया फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली.

"इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का रे, मेल्या?"

"तू बोलू दिलंस कधी?"

 तिला आणखीच राग आला. टोपली कोपरात अडकवून ती त्याच्या पाठीवर बसली. तिजानी कण्हत उठला.

"आई एवढी जड नव्हती."

"आणि तू एवढा म्हातारा नव्हतास. चल."

देवळाच्या पायऱ्यांपाशी एका गोऱ्या बाईनं फोटोसाठी फोन वर केला. "काय बघतेस गं?" शाझलिया वरून खेकसली. "तुला भाऊबिऊ आहे की नाही?"

खांब मागे पडले. भावाची मान घामानं निथळत होती.

"उतरताना आई काही बोलली?" तिनं हळूच विचारलं.

"माझा कान पकडून सारखी म्हणत होती, भरभर चाल, शाझलिया बघतेय, तिला माझं रडणं दिसेल."

शाझलियानं आपलं तोंड त्याच्या टोपीमागे लपवलं.

"तू सावकाश चाल," ती म्हणाली.