केझायाचं ईस्टरचं भाषण

'मूल चारचौघांत बोलतं का?' असा सरकारी फॉर्मात प्रश्न होता. मी ऐटीत लिहिलं, 'ईस्टरला भरल्या चर्चमध्ये चार ओळी म्हणाली.' अख्ख्या गावात माझं अक्षर वळणदार, म्हणून मिस अर्लीननी मला लिहायला बसवलं होतं. त्याच अक्षरानं त्यांच्या नातीचा, केझायाचा, अपंग भत्ता बुडाला.

मिस अर्लीन मासळीच्या कारखान्यात दिवसभर उभ्यानं कॅटफिश सोलतात. त्यांच्या गरिबीबद्दल सरकारला शंका नव्हती. शंका होती ती अपंगत्वाची. केझाया आठ वर्षांची. जीभ आणि उजवा हात जन्मापासून तिचं ऐकत नाहीत.

आमच्या मिसिसिपीतल्या चर्चची रीत अशी, की ईस्टरचं पाठ केलेलं भाषण म्हणताना मूल अडखळलं की सगळे "सावकाश, बाळा" म्हणतात आणि ओळ स्वतःच पुरी करतात. भाषण मुलाचंच धरतात. केझाया 'येशू'तलं 'ये' एवढंच म्हणाली होती. बाकीचं चर्च म्हणालं. ओळीला एक डॉलर मी तिला कबूल केला होता.

सरकारचं उत्तर आलं : दोन बाबतींत गंभीर किंवा एकीत अतिगंभीर अडचण हवी. मुलीची तेवढी नाही.

"म्हणजे पोरगी पास झाली!" मिस अर्लीन म्हणाल्या. "आता उपचार काय गुणपत्रिकेवर करू?"

"अपील करू. पण तिथं तिचं उणं सांगावं लागेल."

"ज्या तोंडानं तिच्यासाठी प्रार्थना करते, त्या तोंडानं?"

"दुसरं आहे का तुमच्याकडं?"

"तुझं मागितलं असतं, मेल्या. पण त्यानं आधीच वाटोळं केलंय."

सुनावणीला मुलीला आणा, असं पत्रात होतं. केझाया ईस्टरचाच पांढरा झगा घालून आजीशेजारी बसली.

"ईस्टरला ती बोलली ना?" न्यायाधीशांनी विचारलं.

मिस अर्लीन टेबलाकडं बघत राहिल्या. "नाही साहेब. बोललो आम्ही. तिला नुसतं उभं केलं होतं. तिला बटण लावता येत नाही, लाळ पुसता येत नाही. तिचं बोलणं मलाही निम्मं कळत नाही. कळल्याचं सोंग करते."

केझायानं आजीकडं पाहिलं.

"आणखी सांगा," न्यायाधीश म्हणाले. आजी वीस मिनिटं सांगत होती.

भत्ता मंजूर झाला.

यंदा ईस्टरला केझायाचं नाव पुकारलं. "सावकाश, बाळा," सगळे म्हणाले. ती बाकावरून उठलीच नाही. नंतर बाहेर मी गेल्या वर्षीच्या चार ओळींचे द्यायचे राहिलेले चार डॉलर पुढं केले. तिनं डाव्या हातानं माझी मूठ मिटवली.

"मी... नाही," ती म्हणाली.

हे मला पहिल्याच वेळी कळलं. चार डॉलर अजून माझ्याकडंच आहेत.