मशिनपुढचा पाट

आमच्या आप्पांनी एखादी वस्तू उघडून परत बसवली, की काहीतरी उरतंच. मिक्सर उघडला तेव्हा दोन स्क्रू उरले, पंखा उघडला तेव्हा एक वॉशर. उरलेलं सगळं बिस्किटाच्या डब्यात जातं आणि वस्तू चालू राहते, म्हणून आम्हीही हसून सोडून देतो. जन्मभर उद्यमबागेतल्या कारखान्यात काम केलेला माणूस, आता मोबाइलवर व्हिडिओ बघून अनगोळातली अख्खी गल्ली दुरुस्त करतो. आमच्या घरी मेकॅनिक बोलावणं म्हणजे आप्पांचा अपमान.

उन्हाळ्यात उंदरांनी वॉशिंग मशिनच्या खालच्या वायरी कुरतडल्या. आप्पांनी मशिन आडवं पाडलं, वायरी जोडल्या, टेप गुंडाळली. या खेपेला एक हिरवी वायर उरली. "ही नसली तरी मशिन पळतंय बघ," असं त्यांनी मला निपाणीला, माझ्या सासरी, फोन करून सांगितलं. मीही कौतुक केलं.

पुढे माहेरी गेले तेव्हा मशिनपुढे लाकडी पाट दिसला. आप्पांचा जेवायचा पाट. गुडघे दुखायला लागल्यापासून ते टेबलावर जेवतात, तेव्हा पाट मोकळाच होता. आई बुटकी, मशिन वरून उघडायचं, तळाचे कपडे तिच्या हाताला लागायचे नाहीत. म्हणून पाट घेतला असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो. धुणं झालं की ती तो उन्हात उभा करायची. पाटाचे एवढे लाड कशाला, असं मी तिला चिडवलंही.

लग्नसराईत पुन्हा गेले, तर शेजारच्या मुलीची हळद होती आणि पाट तिकडे गेला होता. आमच्याकडे हळदीचे पाट गल्लीतूनच गोळा होतात. "आजचं धुणं ऱ्हाऊ दे. पाट आला की लावू," एवढं बोलून आई हळदीला गेली. मी म्हटलं, मी काय तिच्यासारखी बुटकी आहे? मशिन लावलं. मागच्या न्हाणीतली फरशी ओली, आणि मी अनवाणी, कारण आमच्यात चप्पल उंबऱ्याच्या आत येत नाही. मशिन थांबल्यावर एक हात मशिनच्या पत्र्यावर टेकवून दुसरा आत घातला.

हात खांद्यापर्यंत बधिर झाला आणि मी मागच्या भिंतीवर आदळले. मी फरशीवर तशीच बसून होते.

एवढ्यात आई आली, काखेत हळदीहून परत आणलेला आमचा पाट. तिने माझ्याकडे पाहिलं, उघड्या मशिनकडे पाहिलं, आणि आधी बटण बंद केलं.

"पाटाबिगर हात घातलास व्हय गं?"

त्या प्रश्नापुढे विजेचा झटका काहीच नव्हता.

"तुला ठाऊक हुतं?"

"झिणझिण्या येत्यात. पाटावर उभं ऱ्हायलं की न्हाय येत. म्हणून तर त्यो रोज वाळवते."

"कवापास्नं?"

"ह्यांनी दुरुस्त केल्यापास्नं."

आप्पा बाहेरच्या खोलीतून आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. "मला कधी झिणझिण्या आल्या न्हाईत," ते म्हणाले. ते खरंच होतं. मशिन त्यांनी पार पोटापर्यंत उघडलं होतं, त्यातलं धुणं मात्र एकदाही बाहेर काढलं नव्हतं. मी ते तोंडावर बोलून टाकलं. ते स्टुलावर बसले आणि आईकडे वळले.

"मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत उघडलं असतंसा. तुमच्याच जिवाचं काय बरंवाईट झालं असतं म्हंजे?"

नवऱ्याने पुन्हा मशिनला हात लावू नये म्हणून ही बाई रोज सकाळी पायाखाली एक फळकूट घेऊन धुणं काढत होती, आणि आम्ही तिच्या उंचीवर विनोद करत होतो.

खडेबाजारातून वायरमन बोलावला. आप्पांनीच फोन केला. बिस्किटाच्या डब्यातली हिरवी वायर बघून तो म्हणाला, पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेते ती हीच. पाट एखाद्या दिवशी ओला राहिला असता तर, एवढं बोलून तो ती परत जोडायला लागला.

परवा गेले, तर पाट फळीवर होता. सकाळी मशिन थांबलं. आई बादली घेऊन उठली, तसं आप्पांनी तिला न्हाणीच्या दारातच अडवलं. गुडघा धरत ते आत उतरले, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि उजवा तळहात पत्र्यावर सपाट टेकवला. पत्र्यात वीज उतरलीय का बघायला मी त्यांना टेस्टर आणून दिलाय. तो त्यांच्या खिशातच होता.

"ये आता," ते आईला म्हणाले.

"रोज असंच करत्यात," आई माझ्याजवळून जाताना म्हणाली, आणि बादली घेऊन आत गेली.