कडी लागल्याचा आवाज

सर्कशीतून सोडवून आणलेल्या एका वाघिणीचा मी पालक आहे, म्हणजे तिच्या खाण्याचा खर्च उचलतो. माझ्या वाढदिवसाला तिला बघायला गेलो. आता तिला झाडं, पाणवठा, उन्हात लोळायला मोठं आवार आहे. जेवण तेवढं कडेच्या छोट्या पिंजऱ्यात. मांस ठेवलं, ती आत आली आणि नुसती बसून राहिली.

"खात का नाही?" मी विचारलं.

"दार उघडं आहे ना," तिला सांभाळणारे काका म्हणाले. "कडी लागल्याशिवाय ती तोंड लावत नाही."

त्यांनी बाहेरून कडी सरकवली. तो आवाज ऐकला आणि तिने मान खाली घातली.

मला तिचा रागच आला. सर्कस गेली, चाबूक गेला, मग पिंजरा कशाला जपून ठेवलास, बाई? आवार देता येतं. उघड्या दाराची धास्ती कुणी काढायची?

घरी आलो तर बायकोने पानं वाढली होती. बसलो आणि लगेच उठलो.

"राहू दे ना दार उघडं," ती म्हणाली. "छान वारा येतोय."

मी कडी घातली, ओढून पाहिली आणि मगच पहिला घास घेतला.