दारावरची मांडणी

मी माझ्या आईला दोन वर्षं फसवलं. त्यासाठी पेंटर लावला होता.

आई गेली त्याला आज एक वर्ष झालं. वर्षभर लोक म्हणताहेत, "तुम्ही फार केलं हो आईचं."
म्हणून काय केलं ते आज सांगूनच टाकतो.

शेवटी शेवटी आईला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग नातवंडं. डोक्यात एकच गोष्ट टिकली. जानेफळ. तिचं माहेर.

दिवसातून दहादा पिशवी घेऊन निघायची.
"मले घरी जायचं हाय."
"आई, हेच घर आहे."
"तू गप बे."

माहेरी कोणी उरलं नव्हतं. घराची जागाही विकली गेली होती. हे सांगितलं की ती दर वेळी नव्यानं रडायची. मग सांगणं बंद केलं.

एकदा ती खामगावच्या स्टँडवर नांदुऱ्याच्या, म्हणजे नेमक्या उलट्या दिशेच्या गाडीत बसलेली सापडली. कंडक्टरला म्हणत होती, "जानेफळचं अर्धं तिकीट द्या."
एकदा हायवेवर सापडली. ट्रकांच्या मधोमध, अनवाणी.

त्या दिवशी दाराला कुलूप लावलं.
तिनं दारावर डोकं आपटून घेतलं.

बायकोनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशात म्हणे अशा म्हाताऱ्या माणसांसाठी दारावर हुबेहूब पुस्तकांचं कपाट रंगवतात. दार दिसलंच नाही की बाहेर जायचं सुचत नाही.

पुस्तकांचं कपाट आमच्याकडे चाललं नसतं. माझ्या पुस्तकांना आई आयुष्यभर रद्दीच म्हणाली.
म्हणून ठरलं, स्टीलच्या भांड्यांची मांडणी.

युनूसभाई पेंटरला बोलावलं. फ्लेक्स यायच्या आधी आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या.
दाराला आतून त्यांनी ताटं उभी केली, डबे रचले, पेले पालथे घातले. कडी वर सरकवून तिच्याभोवती झारा आणि उलथनं टांगलं.

"भाऊ, खिडकी डावीकडं हाय. सावली उजवीकडंच पाडा लागते. नाहीतं माँजी पकडतीन."

माँजी समोरच खुर्ची टाकून बसलेल्या. चारही दिवस.
"गुनी पोट्टा हाय," आई म्हणाली. पोट्टा साठीचा.

पाचव्या दिवशी तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. आमचा सगळा बेत त्याच भरवशावर होता.

पुढाऱ्यांच्या थापांवर पेपरात लिहीत मी म्हातारा होत आलो. इतकी सुबक थाप त्यांच्यातल्या एकालाही जमली नाही.

पण एक चूक झाली.

आपल्याकडे भांड्यावर नाव नसलं तर ते भांडं खरं वाटत नाही. युनूसभाईंनी विचारलं, "नाव काय टाकू?"
मी न विचार करता बाबांचं सांगितलं. ताटाताटावर, डब्याडब्यावर 'ना. सो. वानखडे'.

आई चौथी शिकलेली. अक्षराखाली बोट धरून वाचायची. तिनं वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"हे तं वानखड्याइचं घर हाय. मले काऊन आनलं इथं?"

आधी ती दाराकडे जायची. आता दार नव्हतं. मग ती एकेक भिंत हातानं चाचपडत फिरायला लागली. येईल त्याला हात जोडायची.
"मले जाऊ द्या न. माह्ये बाबा वाट पाहून राह्यले."

युनूसभाई परत आले. टर्पेंटाईननं सगळी नावं पुसली आणि बारीक ब्रशनं नवी लिहिली.
'भिकाजी इंगळे, जानेफळ.'
माझे आजोबा. आईचे बाबा.

आईनं बोट धरून वाचलं. परत वाचलं. मग भिंतीला टेकून हळूच खाली बसली.
"आली वं माय. घरी आली."

त्यानंतर तिनं पिशवी उचलली नाही. रडणं नाही, भिंती चाचपडणं नाही. चार घास जास्त खायला लागली. घरात सणासारखं झालं.

फक्त त्या घरात मी नव्हतो.
इंगळ्यांच्या घरात तिचं लग्नच व्हायचं होतं. मी कुठला असणार?

जी बाई मला जन्मभर 'बे' म्हणाली, ती 'तुमी' म्हणायला लागली.
"बसा पाव्हने. बाबा वावरातून येतीन आता."

समोरच्या दारानं कोणी आत आलं की ती किंचाळायची. मांडणीतून माणूस बाहेर पडला तर कोणीही किंचाळेल. म्हणून दोन वर्षं आम्ही सगळे मागच्या दारानं, मोरीच्या पडद्याआडून, तिला दिसणार नाही असे ये-जा करत होतो. भेटायला येणारेही. तिथूनच आत येऊन ते मला 'आदर्श मुलगा' म्हणायचे.

आणि एका संध्याकाळी तिनं विचारलं,
"पाव्हने, बाबा कुठून येतीन? या घराले दरवाजाच दिसत नाही."

याचं उत्तर मला ठाऊक होतं. रंग मीच निवडला होता.

दुसऱ्या दिवशी युनूसभाईंना बोलावलं. ते ब्रश घेऊन उभे.
"बोला भाऊ. काय लिहू?"

वानखडे लिहिलं तर ती परक्या घरात. इंगळे ठेवलं तर मी परका. सगळंच पुसलं तर दार, आणि दाराबाहेर हायवे.

"राहू द्या," म्हटलं.
त्यांनी ब्रश पुसला. चहाही न घेता गेले.

आई जायच्या तीन दिवस आधी मी तिच्या खाटेजवळ बसलो होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली,

"उशीर झाला पाव्हने. जा आता. तुमची माय वाट पाहत असन."

मी "हो" म्हटलं.
उठलो नाही.

आई, जड मनानं निरोप.