उजव्या पायाचा ओला मोजा

सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी गाडी चालवायला शिकले. नवरा मुंबईला नोकरीला, कापडे गावातल्या घरी मी आणि सासरे. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आठवड्यातून दोनदा महाडच्या दवाखान्यात जायचं, चार तास मशीनला राहायचं आणि परत यायचं. येताना एसटीच्या पायऱ्या चढायचंही त्राण त्यांच्या अंगात नसे, म्हणून नवऱ्याने एक जुनी गाडी घेऊन दिली. आबा पुढे माझ्या शेजारी बसायचे. मागे बसणं म्हणजे आजारी असणं, असं त्यांचं मत.

दिवाळीनंतर गाडीचं पाणी कमी व्हायला लागलं. बॉनेटखाली कूलंटची पांढरी टाकी असते, तिच्यावर खालची-वरची खूण असते. मी भरून ठेवलं तरी पुढच्या खेपेला पातळी खालच्या खुणेच्याही खाली. रोज रात्री अंगणात गाडीखाली जुना पुठ्ठा टाकून ठेवायचे. सकाळी पुठ्ठा कोरडा. गळत असेल तर थेंब तरी दिसावा की नाही?

महाडला आबा मशीनवर असताना माझ्या हातात वेळच वेळ. हायवेच्या अलीकडे एक गॅरेज आहे, तिथे गाडी नेली. फिटरने सगळे रबरी पाइप चाचपले, क्लिपा आवळल्या, रेडिएटरचं झाकण बदललं. आठवडाभराने पाणी पुन्हा खाली. मग त्याने रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावून आत हवेचा दाब भरला. काटा हळूहळू उतरत होता, म्हणजे गळती होती. पण टॉर्च घेऊन खालून-वरून बघितलं तरी ओल कुठेच नाही.

"वहिनी, भायेर तर कायच दिसत नाय," तो म्हणाला. "मग इंजिनच आतल्या आत पाणी खात असंल. पुढल्या टायमाला इंजिनाचं हेड खोलून बघावं लागंल. दोन-तीन दिवस गाडी ठेवायची तयारी ठेवा."

दोन-तीन दिवस गाडी नाही म्हणजे एक डायलिसिस तरी एसटीने. विचार करून सांगते म्हणून मी निघाले.

गाडीत हल्ली एक गोडसर वास येत होता. आबांना पोट साफ व्हायला एक गोड औषध दिलं होतं, त्याची बाटली पिशवीत लवंडत असेल असं मी धरून चालले होते. समोरच्या काचेवर आतून चिकट धुरकट थर बसायचा. तो मी ओल्या फडक्याने पुसायचे आणि पुढे जायचे.

त्याच दिवसांत आबांचं काहीतरी बिनसलं होतं. मशीनवर त्यांचं बीपी एकदम उतरायचं, पायांत गोळे यायचे. डॉक्टर म्हणाले, "पाणी कमी प्या म्हणून सांगितलं होतं, बंद करा म्हणून नाही. किती पिता?" आबा म्हणाले, "पितो की." घरी मी मोजून तांब्या भरून ठेवायचे, तो संध्याकाळी जवळजवळ तसाच असायचा. विचारलं तर तहान नाही म्हणायचे. ओठांची तर सुकून सालं निघालेली. शिवाय स्वतःचे मोजे स्वतःच धुवायला लागले होते. मी हात पुढे केला की म्हणायचे, "ऱ्हाऊ दे गो, तेवढं मला जमतं."

त्या दिवशी आम्ही कापड्याहून निघालो आणि पोलादपूरच्या अलीकडच्या चढाला टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या, तरी तो थांबेना. रस्त्याच्या कडेला आंब्याखाली गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. गरम असताना झाकण उघडायचं नाही एवढं मला पक्कं माहीत होतं. थांबायला लागणार होतं.

"आबा, खाली उतरा, सावलीत बसा जरा. आत तापेल."

"नको. बरा हाय मी."

"अहो, भट्टी होईल गाडीची."

"नको म्हटलं ना!"

आबा माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. मी त्यांच्या बाजूने गेले, दार उघडलं. त्यांनी उजवा पाय झटकन मागे घेतला. चप्पल बाजूला सरकवावी म्हणून मी वाकले, तर पायाखालचं मॅट हाताला ओलं लागलं. मॅट उचललं. खालचा गालिचा पिळून काढावा इतका भिजलेला.

"हे पाणी कसलं?"

आबा समोर बघतच हळूच म्हणाले, "माजंच हाय."

मला कळेना. त्यांनीच सांगितलं. दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ असायचे. त्यांचे पाय सुजून कातडी तटतटली होती आणि तिच्यातून पाणी झिरपायचं. सिस्टर कापूस बदलत राहायची. आबांनी ते पाहिलं होतं. त्यांचाही उजवा पाय डाव्यापेक्षा जास्त सुजायचा. महाडला पोचेपर्यंत उजव्या पायाचा मोजा ओला व्हायला लागला, तेव्हा त्यांना वाटलं, आपलीही वेळ आली.

"मंग मी पाणीच पियाचा बंद झालो. आत गेलाच नाय तर गळंल कुठून?" ते म्हणाले. "तुला सांगितला असता तर तू पोराला फोन करतीस. तो रजा टाकून येतो. कशाला?"

मी त्यांचा मोजा काढला. तपकिरी मोजा, त्यावर काही दिसत नव्हतं. पण बोटांना तेलकट चिकट लागत होतं, आणि वास तोच, गोडसर. माझ्याजवळ पांढरा नॅपकिन होता. तो मी गालिच्यावर दाबून धरला आणि उचलला. हिरवा डाग. मी टाकीत ओतत होते त्या कूलंटचाच रंग.

"आबा, बघा. तुमच्या अंगातलं पाणी हिरवं आहे का?"

त्यांनी नॅपकिन हातात घेतला, उन्हाकडे धरला. मग दगडावर जाऊन बसले आणि म्हणाले, "पाणी दे गो जरा."

मी बाटलीच्या झाकणातून दिलं. त्यांनी एकेक घोट तोंडात फिरवून गिळला. मला रडू आवरेना, म्हणून मी जरा बॉनेटकडे जाऊन आले. ते कूलंट विषारी असतं, म्हणून उरलेल्या पाण्याने, पिशवीतला साबण लावून, त्यांचे पाय स्वच्छ धुतले. तोवर इंजिन निवलं होतं. गाडीत ठेवलेलं कूलंट ओतून टाकी भरली, काचा उघड्या ठेवल्या आणि सावकाश महाड गाठलं.

आबांना मशीनवर सोडून मी थेट गॅरेजमध्ये गेले. फिटरने नॅपकिन बघितला, गाडीत डोकं घालून वास घेतला आणि कपाळावर हात मारला. "हीटरची कॉइल! भायेर बघत बसलो, पाणी आत पडत व्हता." डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो, इंजिनचं पाणी त्यातून फिरत असतं. तोच फुटला होता आणि त्यातलं पाणी आबांच्या उजव्या पायाशी ठिबकत होतं.

नवी कॉइल महाडात मिळेना. मग त्याने हीटरकडे जाणारे दोन पाइप इंजिनाजवळच काढले आणि एकमेकांना जोडून टाकले. "आपल्याकडं हीटर लागतो कुणाला?" पुन्हा पंप लावून दाब दिला. या वेळी काटा जागचा हलला नाही. इंजिन खोलायची गरज उरली नाही. गालिचा मात्र पुरता काढावा लागला.

दवाखान्यात मी सगळं सांगितलं, आबांसमोरच. डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं नाही. दोन्ही पाय दाबून बघितले, कातडी कुठे फुटली नव्हती. "सूज आहे, पण गळत काही नाही," ते म्हणाले आणि दिवसाला किती पाणी प्यायचं ते पुन्हा समजावून सांगितलं. आबांनी मान डोलावली.

पुढच्या काही खेपांत बीपी उतरणं थांबलं. गालिचा मी धुऊन कुंपणावर टाकला होता, तो वाळायला आठवडा लागला. टाकीची पातळी आता खुणेवर असते. आबांचे पाय अधूनमधून सुजतात. हल्ली ते आपणहून सांगतात. सगळंच सांगतात असं नाही. परवा खोकला झाला होता, तो मला शेजारणीकडून कळला.