गुरम्माच्या घरचं खोबरं

नव्या पेठेत खणांचं दुकान चालवणाऱ्या गुरम्माला ओटीत चुकलेलं खपायचं नाही. गिऱ्हाईक नुसता खण घेऊन निघालं, की ती दटावायची, "अन् खोबरं? आईच्या घरचं खोबरं न्हाय, तर ती ओटी कसली? पोतं भरल्यागत हाय की!" बायका हसायच्या, पण घरात कार्य निघालं की तिलाच विचारायला यायच्या.

आणि तिचीच लेक, सिद्धेश्वरी, मुंबईत तापाचं निमित्त होऊन गेली. जावई महेश्वर फोनवर रडत म्हणाला, "तुम्ही आल्याशिवाय उचलत नाही." सवाष्ण गेली तर शेवटची साडी आणि ओटी माहेरची. गुरम्मानं हिरवी साडी, खण, तांदूळ, हळकुंड आणि घरातली खोबऱ्याची वाटी पिशवीत घातली. मुलानं, अनिलकुमारनं, विमानाची तिकिटं काढली. जन्मात पहिल्यांदा विमानात बसायचं, ते असं. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग तपासणीत काढायला लावतील, याचीच तिला धास्ती होती. पण त्या डबीवर यंत्र फिरवलं आणि सोडलं. अडलं ते खोबऱ्यावर.

"आजी, सुकं खोबरं चालत नाही. तेल असतं, पेट घेतं. नियम आहे," तपासणीवरची पोरगी म्हणाली. तिच्या हातावरची लग्नातली मेंदी अजून उतरली नव्हती.

"वाटीभर खोबऱ्यानं इमान जळतंय व्हय गं?" म्हणून गुरम्मानं हात जोडले. "लेकीला न्यायचंय. ऱ्हाऊ दे की."

"आई, मुंबईत घेऊ की दुसरं," अनिलकुमार म्हणाला.

"मुंबईतल्या दुकानात माजं घर हाय व्हय रं?"

पोरीनं पिशवीतली हिरवी साडी पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. "लेकीचं डोहाळजेवण का? मग टाकायचं कशाला, मला द्या. माझी आई लांब असते. तिनंच ओटी भरली असं समजून घरी नेते." आणि तिनं वाटी उचललीसुद्धा.

मेलेल्या बाईच्या ओटीतलं खोबरं नव्या नवरीच्या घरात! खरं सांगावं, तर पोर जन्माचा धसका घेईल. गुरम्मानं वाटी हिसकावली आणि शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. स्वतःच्या हातानं.

"एवढ्याशा खोबऱ्यात जीव! कमाल आहे बाई म्हातारीची," पोरगी पुटपुटली. गुरम्मा पिशवी उचलून पुढं चालू लागली. एरवी ती कुणाचं अर्धं वाक्य ऐकून घेणारी नव्हती.

मुंबईत सिद्धेश्वरीला लिंगायत रीतीप्रमाणे भिंतीशी बसवलं होतं. शेजारणीनं आपल्या डब्यातली खोबऱ्याची वाटी आणून दिली. गुरम्मानं ओटी भरली आणि लेकीच्या कानाशी वाकली.

"सिद्धे, हे आपल्या घरचं न्हाय गं. आपल्या घरचं म्या टाकून आले. दुसरीच्या लेकीपायी टाकलं. आईवर रागवू नगं."